ऑडिओबुक ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव : 'प्रकरण संपल्यावर बंद' हा पर्याय का काढला?

मागील महिन्यात अपडेट आले आणि आम्ही वापरतो त्या ऑडिओबुक ॲपच्या स्लीप टायमरमधून, म्हणजे ठरल्या वेळी आवाज आपोआप बंद करणाऱ्या सोयीतून, 'प्रकरण संपल्यावर बंद' हा पर्याय नाहीसा झाला. आता तेथे १५, ३० आणि ६० मिनिटे एवढेच उरले आहे. ॲपमधील बाकीच्या सोयी बहुतेकांना ठाऊक आहेत, त्यांची ओळख करून देत बसत नाही. या एका बटणाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मार्चमध्ये १,४९९ रुपये भरून वर्षाची वर्गणी घेतली ती मुख्यतः त्याच्या भरवशावर, आणि ते गेल्यापासून आमच्या घरातील रात्रीचा ठरलेला आनंद अर्ध्यावर तुटू लागला आहे.

वर्गणी बाबांसाठी घेतली. बाबा जनावरांचे डॉक्टर. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७० साली पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत केली. काचबिंदूमुळे आता त्यांना छापील अक्षर फार वेळ वाचता येत नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी जेम्स हेरियट यांच्या कथा निवडल्या. हेरियट हे टोपणनाव. खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील थर्स्क या गावी १९४० पासून त्यांनी जनावरांचे डॉक्टर म्हणून काम केले, पन्नाशीला आल्यावर लिहायला घेतले, आणि पशुवैद्याने स्वतःची जाहिरात करू नये असा त्या काळचा दंडक असल्यामुळे एका फुटबॉल गोलरक्षकाचे नाव घेऊन पुस्तके छापली. पहिले पुस्तक १९७० साली आले. आपल्या पदवीचे आणि त्या पुस्तकाचे वर्ष एकच, हे बाबांना इतके आवडले आहे की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितले जाते.

कथांतले डॅरोबी हे गाव कल्पित आहे. तरुण डॉक्टर जेम्स तेथे नोकरीला येतो आणि त्याची गाठ पडते ती दवाखान्याचे मालक सीगफ्रीड फार्नन यांच्याशी. आमच्या घरी या कथा खऱ्या अर्थाने ऐकल्या जातात त्या या सीगफ्रीडसाठी. नोकरीच्या भेटीला स्वतःच बोलावलेल्या मुलाला ते साफ विसरून बाहेर निघून जातात, आणि बिचारा जेम्स वाट पाहून पाहून बागेतील झाडाखाली झोपी जातो. दवाखान्याची रोकड भिंतीतील शेकोटीवरच्या फळीवरील बिअरच्या मगात कोंबलेली असते, आणि हिशेब नीट लागावा म्हणून नेमलेल्या मिस हार्बॉटल त्या मगापुढे हतबल होतात. धाकट्या भावाला, ट्रिस्टनला, ते संतापून घरातून हाकलून देतात, आणि सकाळी आपण असे काही बोललो होतो हे त्यांच्या लक्षातही नसते.

यातील ब्रेकची गोष्ट मी जरा विस्ताराने सांगते, कारण माझी तक्रार तिच्याशिवाय कळणार नाही. जेम्सच्या गाडीचे ब्रेक निकामी झालेले असतात. तो सीगफ्रीडच्या कानावर हे पुन्हा पुन्हा घालतो. सीगफ्रीड प्रत्येक वेळी 'बघायला हवे' म्हणतात आणि विसरतात. तो तशीच गाडी डोंगरउतारांवरून जीव मुठीत धरून चालवत राहतो. मग एके दिवशी सीगफ्रीड स्वतः ती गाडी घेऊन जातात, आणि परत आल्यावर जेम्सलाच फैलावर घेतात : गाडीला ब्रेक नाहीत हे मला सांगितले का नाहीस, इतका निष्काळजीपणा कसा केलास! ही गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांत उभी राहते. आधीची सारी मिनिटे त्या दोन मिनिटांची तयारी आहेत. सीगफ्रीड या माणसाची गंमतच अशी आहे की ते सकाळी एक तत्त्व सांगतात आणि संध्याकाळी, पूर्ण प्रामाणिकपणे, त्याच्या नेमके उलट वागतात. सकाळ ऐकली आणि संध्याकाळ राहिली, तर ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

आता टायमरचा विचार करा. या पुस्तकांतील बहुतेक प्रकरण म्हणजे एक पूर्ण कथा, कोणती अकरा मिनिटांची तर कोणती तेवीस. 'प्रकरण संपल्यावर बंद' असताना बाबा डोळे मिटून ऐकत, कथा संपली की हसत, आणि ॲप आपोआप थांबे. अपडेटनंतरच्या पहिल्याच रात्री मी १५ मिनिटे लावली, आणि सीगफ्रीड ब्रेक नसलेल्या गाडीत बसून निघाले तेथेच आवाज हळूहळू विरत बंद झाला. अंधारातून बाबांचा आवाज आला, "काऊन बंद पडलं? तो माणूस वापस तर येऊ द्या!" ३० मिनिटे लावली तर पुढची कथा सुरू होते, बाबा तिच्या मध्यावर झोपी जातात, आणि दुसऱ्या दिवशी कोठपर्यंत ऐकले ते शोधण्यात दहा मिनिटे जातात.

ग्राहक सेवेला मी चार वेळा लिहिले. चारही वेळा उत्तर एकच आले : ॲप काढून पुन्हा टाका. तिसऱ्या उत्तरानंतर मी तसे केले. पर्याय परत आला नाहीच, शिवाय बाबांनी सांगून सांगून लावून घेतलेल्या चौदा खुणा पुसल्या गेल्या. त्यांतील एक खूण गाईच्या अडलेल्या वेताच्या प्रसंगावर होती, ज्यात डॉक्टर गोठ्याच्या दगडी फरशीवर उघड्या अंगाने पालथा पडून हात आत घालून झगडत असतो आणि शेतकऱ्याचा काका शेजारी उभा राहून दुसऱ्याच एका डॉक्टरचे गोडवे गात असतो. त्या काकावर बाबांचा फार जीव. असा काका प्रत्येक गोठ्यात असतोच, असे ते म्हणतात. फोनवर बोलणाऱ्या मुलीने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. परंतु निर्णय तिच्या हातात नव्हता, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

एका बाबतीत मात्र माझे सुरुवातीचे मत मला बदलावे लागले. एप्रिलमध्ये मी या ऑडिओबुकला दोनच तारे देणार होते. वाचन क्रिस्टोफर टिमथी यांचे आहे. याच कथांवरून १९७८ साली सुरू झालेल्या बीबीसीच्या मालिकेत जेम्सची भूमिका त्यांनीच केली होती. त्यांचे नेहमीचे इंग्रजी स्वच्छ आहे, पण शेतकरी बोलू लागले की यॉर्कशायरची बोली सुरू होते, आणि पहिले पंधरा दिवस आम्हां दोघांनाही ती उमगत नव्हती. त्यात नागपूरचा उन्हाळा : कूलरच्या घरघरीत निम्मे शब्द बुडत. शेवटी आम्ही वेग ०.८५ केला आणि कथा संपेपर्यंत कूलर बंद ठेवू लागलो. मे महिन्यात रात्री दहा वाजता कूलर बंद करून वीस मिनिटे बसणे म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. हळूहळू 'नाउट' म्हणजे काही नाही आणि 'समट' म्हणजे काहीतरी, एवढे कळू लागले आणि पुढचे आपोआप उलगडत गेले. बाबा म्हणाले की त्यांचेही असेच झाले होते. शहरात वाढल्यामुळे पहिल्या नेमणुकीच्या गावी म्हातारे शेतकरी जनावराचे दुखणे वऱ्हाडीत सांगू लागले की त्यांना ते दोनदा विचारावे लागे. आज त्या बोलीसाठीच मी हे ऑडिओबुक कोणालाही सुचवीन. छापील पानावर ती डोळ्यांना अडते, कानाला मात्र तिची सवय होते.

याच कथांमुळे मला बाबांच्या पहिल्या वरिष्ठांविषयी कळले. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा विषय घरी कधी निघाला नव्हता. ते साहेब औषधांची नोंदवही रोज तपासत, एक सुई कमी भरली तरी बाबांना अर्धा तास उभे करत, आणि स्वतः मात्र नोंदीच्या चिठ्ठ्या सदऱ्याच्या खिशात ठेवून तो सदरा धुवायला टाकत. एकदा कॅल्शियमच्या बाटल्यांचा हिशेब असाच धुऊन निघाला. त्याच साहेबांनी भर पावसात सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडला होता, कारण पलीकडच्या वस्तीवर नुकतीच व्यायलेली गाय आडवी पडली होती. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ती उठून उभी राहिली तेव्हा साहेब गोठ्यातच बसून रडले. हे सांगताना बाबा उशीवरून अर्धवट उठून बसले होते आणि उजव्या हाताची मूठ वर धरून बाटली किती उंच धरायची ते दाखवत होते.

सीगफ्रीड हे पात्र एका खऱ्या माणसावर बेतलेले आहे. त्या खऱ्या सीगफ्रीडचे नाव डोनाल्ड सिंक्लेअर. वाइट यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द त्यांच्याबरोबर काढली. पुस्तकातील आपले चित्र पाहून सिंक्लेअर प्रथम दुखावले होते. वाइट यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रानुसार मूळ माणूस पुस्तकातल्यापेक्षाही अधिक विक्षिप्त होता आणि वडिलांनी त्याला लिहिताना सौम्यच केले होते. दोघेही १९९५ सालीच गेले, आधी वाइट आणि काही महिन्यांनी सिंक्लेअर. हे मी बाबांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी ब्रेकची गोष्ट पुन्हा लावायला सांगितली.

सध्या मी एक उपाय काढला आहे. नागपूरच्या बर्डी बाजारात फुटपाथवर पहिल्या दोन पुस्तकांचा एकत्रित जुना संच दीडशे रुपयांना मिळाला. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी प्रत्येक प्रकरणाची मिनिटे ०.८५ वेगाने मोजून लिहून ठेवते. कथा सुरू झाली की माझ्या फोनवर तेवढ्या मिनिटांचा कंपनावरचा गजर लावते आणि संपली की हाताने बंद करते. म्हणजे टायमरचे काम आता मी करते आहे, आणि त्यासाठी १,४९९ रुपये मी भरले नव्हते. मार्चपर्यंत तो पर्याय परत आला नाही, तर वर्गणीचे नूतनीकरण करणार नाही; बाबांना मी स्वतः वाचून दाखवीन, माझे यॉर्कशायरी उच्चार कसेही असोत.

काल रात्री ट्रिकी वू या लाडावलेल्या पेकिनीज कुत्र्याची गोष्ट होती. अति खाण्याने आजारी पडलेला कुत्रा डॉक्टरांकडे राहून केवळ उपाशी ठेवल्याने आणि पळवल्याने बरा होतो, आणि त्याला शक्ती यावी म्हणून मालकीणबाई पाठवीत असलेली अंडी, वाइन आणि ब्रँडी इकडे डॉक्टरमंडळी मजेत संपवत असतात. मी गजर लावून बाबांच्या पायथ्याशी बसले होते. शेवटच्या वाक्यावर बाबा हसले, मी आवाज बंद केला, उठून कूलर सुरू केला, आणि त्या प्रकरणापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.