डुलकी पकडणारा कॅमेरा: घ्या, पण ड्युटीचा तक्ता शेजारी ठेवून

ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा आमच्या ट्रक आणि बसमध्ये बसवून आता बरेच महिने झाले. ड्युट्या लावायचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्याचे अलर्ट आधी माझ्याच स्क्रीनवर येतात. घ्यायच्या विचारात असाल तर माझं मत सुरुवातीलाच सांगते: वस्तू चांगली आहे, जरूर घ्या. पण कॅमेरा आहे म्हणून ड्रायव्हरच्या विश्रांतीचे तास कापायचा विचार असेल, तर अजिबात घेऊ नका.

डबी लहानशी असते, डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या समोर बसते. आतल्या इन्फ्रारेड दिव्यांमुळे काळोखातही चेहरा नीट टिपला जातो. पापण्या किती वेळ मिटलेल्या राहिल्या याचा हिशेब आत सतत चालू असतो. मर्यादा ओलांडली की कर्कश बीप वाजतो, सीट थरथरते आणि काही सेकंदांची क्लिप माझ्याकडे येते. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर पासष्ट-सत्तर मीटर गाडी कुणाच्याच ताब्यात नसते. मागे चाळीस प्रवासी झोपलेले असतात तेव्हा हा बीप किती मोलाचा, ते मला वेगळं सांगायला नको.

तक्रारीही आहेत. बसचा ड्रायव्हर आरशात बघतो, दाराकडे बघतो, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. यंत्राला ते ‘लक्ष नाही’ वाटतं. काही गॉगलमधून इन्फ्रारेड आरपार जात नाही, मग डोळेच सापडत नाहीत. आमच्या एका ड्रायव्हरने वैतागून स्पीकरवर चिकटपट्टी लावली होती. त्याला रागावण्याआधी मी शेजारच्या सीटवर बसून एक फेरा केला, आणि त्याचं म्हणणं पटलं. बसवणाऱ्याला बोलावून कॅमेऱ्याचा कोन बदलून घेतला, खोटे बीप बरेच कमी झाले. पट्टी त्याने स्वतःहून काढली. तेव्हा बसवताना ड्रायव्हरला सीटवर बसवूनच कोन लावून घ्या.

आता मुद्द्याचं. अलर्टची गर्दी होते ती मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेपर्यंत. शरीराचं घड्याळच तसं आहे, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. आमचे एक जुने ड्रायव्हर काका मला म्हणाले, “ताई, हे झोप लागल्यावर उठवतंय. ती लागू नये म्हणून कोण बघणार?” बघायचं काम कायद्याने आधीच सांगून ठेवलंय. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला ९ तास (आठवड्यात दोनदा १० चालतात), आठवड्याला ५६ आणि सलग दोन आठवडे मिळून ९०. अमेरिकेत मालट्रकवाल्याला १० तासांच्या सुट्टीनंतर ११ तास चालवता येतं, तेही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. भारतात १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास सांगत होता. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत डुलकीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली, पण म्हणून चालवायचे तास कुणी वाढवले नाहीत.

आमची गाडी भाड्याने घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मात्र डुलकीची अशीच एक क्लिप पुढे करून ड्रायव्हरचे पैसे कापायला सांगितले. मी त्या दिवसाची नोंद काढली. ड्रायव्हरची गाडी सकाळपासून त्या गिऱ्हाइकाच्याच गोदामाबाहेर माल उतरायची वाट बघत उभी होती. रांगेत नंबर सरकला की गाडी पुढे घ्यायची, मध्येच कागद दाखवायचे. अशा थांबण्याला विश्रांती म्हणत नाहीत. अमेरिकेतले ते १४ तास अशा थांब्यातही चालूच राहतात. पैसे आम्ही कापले नाहीत. युरोपच्या नियमात तर सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने किलोमीटरवर, वेळेआधी पोचण्यावर किंवा मालाच्या वजनावर पैसे देण्यालाच बंदी आहे. मला हे कलम सगळ्यात शहाणं वाटतं. फेऱ्यामागे पैसे मिळणारा माणूस बीप वाजला तरी गाडी बाजूला घेणार नाही. पुढचा फेरा त्याला दिसत असतो.

क्लिपचं काय करायचं हेही आधी ठरवा. युरोपात जी यंत्रणा सक्तीची आहे, तिने सतत रेकॉर्डिंग करायचं नाही, माहिती बाहेरच्या कुणाला द्यायची नाही आणि काम झालं की लगेच पुसायची, असा नियम आहे. आमच्यासारख्या नंतर वेगळ्या बसवलेल्या कॅमेऱ्यात क्लिप साठते, म्हणून आता ती फक्त मी आणि तो ड्रायव्हर बघतो.

विकणाऱ्याला एक गोष्ट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका: अलर्टच्या शेजारी त्या ड्रायव्हरने त्या दिवशी आणि त्या आठवड्यात किती तास चालवलं, आधीची सलग विश्रांती किती होती, हे एकाच पानावर दिसतं का? आमच्यात ते दिसतं. आता तीन अलर्ट आले की मी दुसरा ड्रायव्हर पाठवते आणि त्या माणसाचा पुढचा फेरा रद्द करते.