आर्लिंग्टन की फ्रिस्को? घरच्यांना घेऊन डॅलसमध्ये बेसबॉलची मॅच कुठे बघावी

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले आणि मुलांना सुट्टी लागली, की डॅलस परिसरातल्या मराठी घरांत बेसबॉलच्या मॅचचा बेत हमखास निघतो. पर्याय दोन. आर्लिंग्टनचं ग्लोब लाइफ फील्ड, म्हणजे टेक्सास रेंजर्स या मेजर लीगमधल्या (सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधल्या) संघाचं २०२० साली उघडलेलं नवं स्टेडियम. नाहीतर फ्रिस्कोचं रायडर्स फील्ड, जिथे रेंजर्सच्याच हाताखालचा डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा) संघ, रफरायडर्स, खेळतो. नुसता खेळ बघायचा असेल तर आर्लिंग्टनच, त्यात वाद नाही. पण आजी-आजोबा आणि पाच वर्षांचं पोर सोबत असलं की खेळ मागे पडतो. आधी ऊन, मग मुलांचा धीर.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी पारा ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि जुलैत सूर्य मावळायला साडेआठ वाजतात. मॅच साधारण सातला सुरू होते, म्हणजे पहिला दीड तास उजेडात आणि उकाड्यात. ग्लोब लाइफ फील्डला सरकतं छप्पर आहे आणि आत एसी. शेजारीच असलेलं रेंजर्सचं जुनं मैदान १९९४चं, म्हणजे तसं काही म्हातारं झालं नव्हतं; ते सोडून नवं बांधण्यामागे हे ऊनच मोठं कारण होतं. छप्पर बंद असलं की आत चांगलाच गारवा असतो. आजीसाठी शाल घ्या, बाहेर कितीही तापलेलं असो.

फ्रिस्कोला छप्पर नाही. तिथे एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची संध्याकाळ गाठावी. बेसबॉलच्या नियमपुस्तकात होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) समोरच्या सेंटर फील्डकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी अशी शिफारस आहे. त्यामुळे बहुतेक मैदानांवर तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे होम प्लेटच्या मागून बघताना डावीकडे, सावली आधी येते. सगळी मैदानं ही शिफारस पाळतातच असं नाही, म्हणून सीट निवडण्याआधी उपग्रह नकाशावर दिशा ताडून बघा. वसंतात वादळांचाही भरवसा नसतो. वीज चमकली की खेळ थांबतो आणि मुलं कंटाळतात. पाहुण्यांचा एकच शनिवार हाताशी असेल तर हा धोका घेऊ नये, छपराखाली जावं.

मुलांच्या बाबतीत मात्र पारडं उलटं फिरतं. ग्लोब लाइफमध्ये सुमारे ४०,३०० लोक बसतात. स्वस्त तिकिटं वरच्या मजल्यावरची, तिथून खेळाडू मुंगीएवढे दिसतात आणि मूल तिसऱ्या इनिंगला मोठ्या स्क्रीनकडेच बघत बसतं. फ्रिस्कोत जेमतेम १०,००० जागा. शिवाय तिथले बुलपेन, म्हणजे बदली पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) हात मोकळे करायच्या जागा, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्येच आहेत. कठड्याशी उभं राहिलं की चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (हातमोज्यात) शिरताना होणारा ‘फट्ट’ आवाज थेट कानावर येतो. हा वेग टीव्हीवर कळत नाही. आठ-दहा वर्षांचं मूल इथे वीस मिनिटं हलत नाही. आउटफील्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागाच्या, मागे गवताचा उतार आहे, त्यावर लहानग्यांना लोळता येतं. तिथे चेंडू येऊ शकतो, एकाने तरी लक्ष ठेवायचं. पलीकडे पोहायचा वाहता तलावही आहे, पण साध्या तिकिटावर त्यात उतरता येत नाही.

आणि खेळ अगदीच दुय्यम समजू नका. रेंजर्सचा खेळाडू इव्हान कार्टर २०२३च्या उन्हाळ्यात फ्रिस्कोत खेळत होता. सप्टेंबरात तो रेंजर्समध्ये आला आणि त्याच मोसमात संघाने वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकली.

मॅच रात्रभर चालते, ही भीती आता जुनी झाली. २०२३पासून मेजर लीगमध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायचं घड्याळ, आला: बेसवर कोणी नसेल तर पिचरने १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. त्यामुळे नऊ इनिंगची मॅच सरासरी पावणेतीन तासांच्या आत आटोपते, म्हणजे टी-ट्वेंटीपेक्षाही थोडी लवकर. तरी लहान मुलं असतील तर सातव्या इनिंगनंतर निघालात तरी चालेल.

खाणं दोन्हीकडे सारखंच मांसाहारी वळणाचं. आर्लिंग्टनला ‘बूमस्टिक’ नावाचं दोन फुटी हॉट डॉग मिळतं, चारजणांत एक पुरतं. शाकाहाऱ्यांनी पॉपकॉर्न, शेंगदाणे, प्रेटझेल धरावं. नाचोज घेताना ‘चिली नको’ हे आधीच सांगा, त्यात बीफ असतं. फ्राईज बऱ्याचदा चिकनच्याच तेलात तळतात, कडक शाकाहारी आजोबांना त्या देण्याआधी काउंटरवर विचारा. घरचे ठेपले न्यायचे असतील तर त्या मोसमाचे बाहेरच्या खाण्याचे आणि बॅगेचे नियम वाचून घ्या. पाठीवरची सॅक गाडीतच राहू द्या.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी ऑनलाइन तिकीट काढताना ‘ॲक्सेसिबल’ हा पर्याय निवडा. ज्यांना गरज आहे त्यांच्या लगत आणखी तीन जागा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, उपलब्ध असतील तर. पायऱ्या टळतात आणि कुटुंब एकत्र बसतं.

जाण्या-येण्यात फ्रिस्को सरळ जिंकतं, प्लेनो-फ्रिस्कोकरांसाठी तरी. स्टोनब्रायर मॉलच्या जवळच मैदान आहे. आर्लिंग्टन तिथून साधारण ४० मैल, आणि त्या शहरात ठरावीक मार्गांवरची बससेवाच नाही. गाडी घ्यायची, पार्किंग आधी ऑनलाइन काढायचं, शेवटचे चार मैल अर्धा तास खातात हे धरून निघायचं. शेजारच्या एटी अँड टी स्टेडियमवर त्याच संध्याकाळी कॉन्सर्ट किंवा फुटबॉल आहे का, हे तारीख ठरवण्याआधी बघा. असेल तर तारीख बदला.