लेखन शिकण्यासाठी ‘चकवाचांदण’: काही महिन्यांच्या वापरानंतर

मारुती चितमपल्ली यांचं हे आत्मचरित्र लेखनाचं पाठ्यपुस्तक नव्हे. सोलापूरचं बालपण आणि मग नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी वनखात्यातली नोकरी यातून त्यांची भाषा कशी घडली, ते मात्र दिसतं. म्हणून नुसतं वाचून भागत नाही, वापरावं लागतं.

पहिलं वाचन सलग करावं. दुसऱ्या वेळी रोज दोन-तीन पानंच, हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक वर्णनाशेजारी समासात एक खूण: ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलेलं, ‘ऐ’ म्हणजे कुणाकडून ऐकलेलं, ‘वा’ म्हणजे ग्रंथातून आलेलं. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून मिळालेलं ज्ञान ‘ऐ’मध्ये येतं. ‘पा’ आणि ‘ऐ’ शेजारी आले की पान जिवंत होतं. नुसतं ‘वा’ असेल तिथे ते जड वाटतं.

मग स्वतःचा सराव. नागपुरातल्या अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाच्या काठी सकाळी अर्धा तास एकाच जागी बसायचं. मे महिन्यात ही बैठक सातच्या आत संपवून परतायचं, कारण नंतर ऊन बसू देत नाही. खिशातल्या वहीत वेळ, वारा, आवाज, हालचाल एवढंच. विशेषण एकही नाही. पावसाळ्यात शाईचं पेन नको, अक्षरं फुटतात. त्याच संध्याकाळी पक्क्या वहीत उतरवायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की पाहिलेल्याच्या जागी आधी वाचलेली वाक्यं येऊन बसतात, आणि हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ढिवर (मासेमार), माळी यांना विचारून मिळालेलं नाव त्यांच्या उच्चारातच लिहावं, प्रमाण करू नये. आठवडाभराच्या नोंदींतून मग तीनशे शब्दांचा एक मजकूर.

बहुतेकांचं बिघडतं ते नकलेत. झाडापाखरांच्या नावांची रांग लागते, संस्कृत शब्द पेरले जातात. चितमपल्लींच्या नावांना वजन येतं ते त्या जीवाच्या वागण्यामुळे. आपल्या वाक्यातलं नाव खोडून पाहा; पक्षी तरीही ओळखू आला तर वाक्य ठेवा.

उणीव एकच, पण मोठी: काटछाट इथे शिकता येत नाही. विस्तार हा या पुस्तकाचा स्वभावच आहे. काटछाटीसाठी आपण मजकूर मोठ्याने वाचावा आणि ऐकणारं दुसरं माणूस हवं.

विषय जंगलाचाच हवा असं नाही. नागपूरच्याच इतवारीतल्या धान्यबाजारावर लिहितानाही याच तीन खुणा चालतात. बसायची जागा तेवढी हमालांच्या वाटेतली नको.