जुनी फायबर होडी आणि ४० एचपीचं ओबीएम : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी कोजागिरी झाली आणि मी एक वापरलेली होडी घेतली. अठरा फुटी, फायबरची, मागच्या फळीवर २०१४ चं ४० एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे होडीला मागून बाहेरच्या बाजूने लावायचं इंजिन. किंमत दोन लाख तीस हजार. आमचं घर वेलदूरच्या बाजूला आणि हापूसची कलमं दाभोळ खाडीच्या पलीकडच्या काठावर, थोडी आत. गाडीने जायचं तर धोपाव्याहून फेरीबोट, मग पुन्हा रस्ता. जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो. होडीने पंचवीस मिनिटं. आंब्याच्या दिवसांत हा फरक किती असतो ते बागवाल्यांना सांगायला नको.

आज वहीत ११८ तासांची नोंद आहे. पहिल्या अडीच महिन्यांत इंजिनाने तीनदा रडवलं, त्यानंतर एकदाही नाही. तिन्ही वेळा दोष इंजिनाच्या वयाचा नव्हता. एकदा हवा, एकदा पेट्रोल, एकदा पाणी. जुनी होडी घेतलेल्या कोणालाही हेच तीन प्रकार भेटणार, म्हणून जरा खोलात लिहितो.

घेताना दोन गोष्टी नीट बघितल्या होत्या. पहिली मागची फळी. फायबरच्या आत तिथे प्लायवूड असतं आणि इंजिनाच्या बोल्टांमधून पाणी मुरलं की ते आतून कुजतं, बाहेरून रंग मात्र चकचकीत. रुपयाच्या नाण्याने सगळी फळी इंच-इंच वाजवली. घट्ट लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा भद्द. मग इंजिन वर उचलून त्याच्या पायावर जोर देऊन हलवलं. फळी जरा जरी लवली असती तर मी तिथूनच परत फिरलो असतो. दुसरी गोष्ट कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात पिस्टन वर आल्यावर धरला जाणारा दाब. दोन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत हवेत. माझे ११८ आणि ११२ आले. होडीचा आणि इंजिनाचा नंबर बंदर कार्यालयाच्या कागदांशी जुळवूनच पैसे दिले, ते वेगळं सांगत नाही.

गिअर ऑइल मात्र बघायचं राहिलं. ते पुढे येतंच.

नोव्हेंबरातली संध्याकाळ. मी आणि धाकटा भाऊ कलमांकडून परत येत होतो. दहाएक मिनिटं इंजिन सुरेख चाललं, मग आवाज बारीक होत होत बंद. दोरी ओढली, चालू झालं, मिनिटभरात पुन्हा बंद. ओहोटी जोरात लागलेली. पाणी आम्हाला खाडीच्या तोंडाकडे ओढत होतं आणि तिथे वाळूवर लाटा फुटतात. इंजिनाला हात लावायच्या आधी नांगर टाकायचा, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. तीन वाव पाणी होतं, पंधरा वाव दोर सोडला, होडी वळून थांबली. मग धोपाव्याच्या मिस्त्रींना फोन.

“फुगा बघा, चपटा झालाय काय?”

पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा खरंच कोणीतरी पिळून ठेवल्यासारखा चपटा होता.

“मग इंजिन नाय मेलं भाऊ, त्याचा जीव कोंडलाय. टाकीच्या झाकणावरचा स्क्रू सोडा.”

सोडला. फुस्स करून हवा आत गेली, फुगा हळूहळू गोल झाला. टाकी गाडीतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो स्क्रू मीच आवळला होता. आत हवा जाईना, त्यामुळे पेट्रोल बाहेर येईना. त्या दिवसापासून मी सगळं आधी फुग्यावरून ओळखतो. चपटा असेल तर अडचण टाकीच्या बाजूला. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल तर नळीत कुठेतरी हवा घुसतेय, बहुतेक वेळा टोकाच्या कपलिंगच्या ओ-रिंगमधून. फुगा कडक आहे आणि तरी इंजिन धरत नाही, तर कार्बोरेटर किंवा प्लग. निम्मं निदान तिथेच होतं.

दुसरा त्रास डिसेंबरात, आणि हा जास्त महत्त्वाचा. हळू चालवलं की ठीक, थ्रॉटल वाढवला की इंजिन खोकायचं, दम टाकायचं. प्लग बदलले, दोन दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडला आणि निघालेलं पेट्रोल काचेच्या ग्लासात धरलं. पाच मिनिटं ठेवल्यावर तळाशी बोटभर थर वेगळा झाला, मध्ये स्पष्ट रेघ.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि खाडीवरच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी दोन-तीन आठवडे पडली की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात व तळाला बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. गाडीत हे घडलं तर गाडी फक्त बंद पडेल. टू-स्ट्रोकमध्ये त्याहून वाईट होतं, कारण ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं आणि ते वरच्या थरातच राहतं. म्हणजे तळाचं जे इंजिनात जातं त्यात वंगण नसतं. पिस्टन कोरडा चालतो. खोकणारं इंजिन तसंच रेटत घरी आणणं म्हणजे सिलिंडर ओरबाडून घेणं. मी दोन दिवस ते रेटलं होतं. नशिबाने कॉम्प्रेशन अजून तेच आहे, जानेवारीत पुन्हा मोजलं.

त्यावर केलेले बदल असे. पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये बसवला. पेट्रोल लागेल तेवढंच आणतो, ऑइल मिसळलेलं तीन आठवड्यांवर ठेवत नाही. उरलं तर पारदर्शक बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवतो, सकाळी रेघ दिसली नाही तरच वापरतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. जुनी नळी आतून चिकट झाली होती आणि तिचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये सापडले. पन्नास लिटरला एक लिटर ऑइल, अंदाजाने नाही, मापाने. आणि ऑइल ओबीएमचंच. स्कूटरचं टू-टी ऑइल स्वस्त मिळतं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. पाण्यावर थंड होणाऱ्या ओबीएममध्ये त्याची राख प्लगवर बसते. आधीच्या मालकाने तेच वापरलं असावं, कारण पहिले प्लग निघाले ते काळेभोर, ओले. आता निघतात ते कॉफीच्या रंगाचे.

तिसरा त्रास पाण्याचा. इंजिनाच्या मागून जी पाण्याची बारीक धार पडते ती म्हणजे ओबीएमची नाडी. जानेवारीत ती धार तुटक पडायला लागली आणि हाताला कढत लागली. आधी साधं बघितलं: खाली पाणी ओढायच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी नाही ना. नव्हती. मग धारेच्या भोकात नायलॉनची जाड तंगूस घातली, कारण मिठाचा खडा अडकून भोक बुजतं आणि माणूस उगीच सगळं खोलत बसतो. तरीही तेच. म्हणजे दोष इंपेलरचा, इंजिन गार करणारं पाणी वर ढकलणाऱ्या पंपातल्या चक्राचा.

खालचा गिअरचा भाग उतरवला, पंपाचं झाकण काढलं. इंपेलर म्हणजे सहा पाकळ्यांचं रबरी फूल, तळहातावर मावणारं. माझ्यात चारच पाकळ्या होत्या, आणि त्याही एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या. होडी विकायच्या आधी बरेच महिने उभी होती त्याचा हा परिणाम. नवा इंपेलर घालून झाकण लावायला मी निघालो तेव्हा मिस्त्रींनी हात धरला. “दोन पाकळ्या कुठं गेल्या त्या आधी शोधा.” एक पंपाच्या तोंडाशीच मिळाली. दुसरी वर जाणाऱ्या तांब्याच्या नळीत, कोपऱ्यावर, काळ्या बीसारखी अडकलेली. ती राहिली असती तर नव्या इंपेलरनेही इंजिन तापलंच असतं. थर्मोस्टॅटही काढून बघितला. मिठाने अर्धा उघडा अडकला होता, तोही बदलला. बसवताना पाकळ्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि शाफ्ट फिरण्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवतच झाकण खाली दाबायचं, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. इंपेलर शाफ्टवर धरून ठेवणारी एक बारीकशी चावी असते, ती वाळूत पडली तर दिवस गेला. म्हणून मी आता खाली पांढरी चादर पसरतो.

आमच्या खाडीत गाळ फार. वाळू-गाळाने इंपेलर लवकर झिजतो, म्हणून मी तासांचा हिशेब न बघता दर वर्षी बदलणार आहे. आणि इंजिन कोरडं कधीच चालू करायचं नाही, “फक्त चालू होतंय का बघू” म्हणूनही नाही. विकणारे गिऱ्हाइकाला हमखास तेच दाखवतात.

आता गिअर ऑइल. ते याच कामात बघितलं. खालचा स्क्रू सोडला आणि दूध घातलेल्या चहासारखं ऑइल बाहेर आलं. आत पाणी गेलं होतं. पंखा (प्रोपेलर) काढल्यावर कारण दिसलं: शाफ्टभोवती मासे पकडायची तंगूस गच्च गुंडाळलेली, तिने सील कापलं होतं. खाडीत ठिकठिकाणी जाळी असतात, तुटलेल्या तंगुसा वाहत येतात, त्यामुळे हे कोणाच्याही बाबतीत होणार. सील नवी घातली, ऑइल खालच्या भोकातून वर चढवत भरलं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा राहते. आता दर महिन्याला पंखा काढून बघतो, दहा मिनिटांचं काम.

या सगळ्यापेक्षा फरक पडला तो परत आल्यावरच्या वीस मिनिटांनी. इंजिन निळ्या पिंपात, गोड्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं मंद चालवायचं. मग पेट्रोलची नळी काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये शिळं पेट्रोल उरत नाही. वरून पाण्याने पुसून ग्रीसच्या निपलांना एकेक दाब. दमून आलेल्या संध्याकाळी हे जिवावर येतं. पण मीठ ओलं असतं तोवर पाण्याने निघतं. सुकलं की ते ॲल्युमिनियमच्या आत घर करतं.

इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावलेले झिंकचे ठोकळे अर्धे झिजले की बदलावेत आणि त्यांना रंग कधीही लावू नये. माझ्या होडीवरच्या ठोकळ्यांना कोणीतरी हौसेने निळा रंग मारला होता, म्हणून ठोकळे नवेकोरे राहिले आणि खालच्या केसिंगवर खड्डे पडले. बॅटरीच्या तारा हिरव्या पडल्या होत्या, कल्हईच्या तारा टाकल्या, विषय संपला.

तळ घासायला होडी उधाणाच्या भरतीला काठावर चढवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, द्वितीयेला दीडच्या सुमारास. ओहोटीला सहा तास मिळतात, शेवाळ आणि ती धारदार पांढरी कवचं खरवडायला पुरतात. कवचं धरलेल्या तळाने पेट्रोल उघड जास्त लागतं: स्वच्छ असताना मला अर्ध्या थ्रॉटलला तासाला दहाएक लिटर पडतं, मार्चमध्ये ते तेरावर गेलं होतं.

जून ते नारळी पौर्णिमा होडी शाकारलेल्या मांडवात, बूच काढून, नाळ (होडीचं पुढचं टोक) वर करून, पावसाचं पाणी साचू न देता. इंजिन उतरवून घरात, उभंच. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल घालून हाताने फिरवून ठेवलं. ऑगस्टात तिसऱ्या दोरीला चालू झालं आणि धार जोरात पडली. आई नारळ सोडायला काठावर आली होती, तिला पहिली फेरी मारून आणली.

पहिल्या वर्षाचा दुरुस्तीचा खर्च ३८,५०० रुपये, त्यातला जवळजवळ निम्मा गिअरचं सील, फिल्टर आणि नळ्या. होडी मला आवडते, पुन्हा घ्यायची झाली तरी अशीच घेईन, फक्त विकणाऱ्यासमोर गिअरचा स्क्रू सोडूनच. सुकाणूची केबल अजून जड फिरते; मीठ आतल्या नळीत बसलंय, ग्रीसने सुटेना. नवी चौदा फुटी केबल मागवली आहे, दसऱ्याच्या आत बसवायची आहे.