मॉलिक्युलर मॉडेल किट: घ्यायचं असेल तर दोन डबे घ्या

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून हे गोळ्या-काड्यांचं किट घेतलं, साडेसहाशेला डबा, आणि आठवड्यात दुसरा आणायला परत गेलो कारण एकात भागेना. बीएस्सीच्या मुलांना शिकवतो मी, मिथेन-बेंझिन त्यांनी शाळेपासून पाहिलेत, मला त्यांच्या हातात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ सोवाज यांचा कॅटेनेन द्यायचा होता. दोन बांगड्या एकमेकींत अडकाव्यात तशा दोन रिंगा, मधे एकही बॉण्ड नाही, तरी एक तोडल्याशिवाय सुटत नाहीत.

एका रिंगेला ३४ कार्बन, २ नायट्रोजन, ६ ऑक्सिजन (हायड्रोजन लावलेच नाहीत). त्यातले २४ कार्बन तीन भोकांचे सपाट पाहिजेत, म्हणजे दोन रिंगांना ४८, दोन डबे मिळून जेमतेम पुरले.

पण पैसे वसूल झाले ते धातूच्या गोळीनं. करडी, चार भोकांची, डब्यात एकच. ती म्हणजे कॉपर वन, एक धन भार असलेला तांब्याचा आयन. त्याला चार नायट्रोजन चार दिशांना लागतात म्हणून दोन फेनँथ्रोलीन (रिंगेतला दोन नायट्रोजनचा सपाट तुकडा) आपोआप एकमेकांना काटकोनात आडवे बसतात, हे फळ्यावर कितीही काढलं तरी मुलांना दिसत नाही, इथे बोटांना कळतं. एक रिंग आधी पूर्ण करायची, तिच्या आतून दुसरा तुकडा घालायचा, गोळीवर चारही नायट्रोजन बसवायचे, मग दुसऱ्याची टोकं लांब साखळीनं जोडायची आणि शेवटी गोळी काढून घ्यायची. लॅबमध्ये ती सायनाइडनं काढतात. वर्गात गोळी काढली आणि रिंगा तशाच अडकून राहिल्या तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे आली! १९८३ साली स्ट्रासबर्गला हे झालं, त्याच्या आधी १९६० मध्ये वॉसरमन या रसायनशास्त्रज्ञानं धातूशिवाय केलं होतं, पण एक रिंग बंद होताना योगायोगानं दुसरीतून गेलेली असेल तरच, त्यामुळे हाती नगण्य यायचं. कॉपरनं तो योगायोगच काढून टाकला. २०१६ च्या नोबेलची सुरुवात इथली.

ट्रेफॉइल गाठ (एकच बंद साखळी, तीन ठिकाणी स्वतःला ओलांडणारी) पण केली, तिला दोन गोळ्या लागतात, दुसरा डबा तिथेही कामाला आला. दोन धाग्यांना वेणीसारखा पीळ बसला पाहिजे, नुसते समोरासमोर राहिले तर गाठ पडत नाही, दोन सुट्या रिंगा होतात. माझं तीनदा तसंच झालं, आणि १९८९ मध्ये पहिल्यांदा ही गाठ बनली तेव्हा उतारा फक्त ३ टक्के का होता ते तेव्हा पटलं.

तक्रारी दोन. काड्या कडक आहेत, वाकवताना चार तुटल्या, लांब साखळीला मऊ काड्याच वापरा. आणि सहा भोकांची धातूची गोळीही डब्याला एकच येते. मँचेस्टरच्या ली यांच्या ग्रुपनं २०१७ मध्ये आठ ठिकाणी स्वतःला ओलांडणारी गाठ केली तिला चार लोखंडाचे आयन लागले, ती करायची तर चार डबे कोण घेणार? सुट्या गोळ्या ठेवा म्हणून दुकानात सांगून आलोय, विचारतो म्हणाले कंपनीला.

पाचपैकी चार.