वापरलेली डुकाटी घेताना: ९५९ पानिगाले की सुपरस्पोर्ट एस?

ठाणे किंवा नवी मुंबईत राहून वापरलेली इटालियन स्पोर्ट्‌स बाइक घ्यायची असेल, तर विचाराची सुरुवात रस्त्यापासून करावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद आहे, समृद्धी महामार्ग बंद आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतूही बंदच आहे. उरतात ते नाशिक महामार्गाने कसारा घाट, कल्याण-मुरबाडवरून माळशेज आणि खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याला चढणारा जुना पुणे रस्ता. या तिन्ही ठिकाणी पोहोचण्याआधी माजिवडा, कापूरबावडी किंवा शीळफाट्याची गर्दी पार करावी लागते, आणि परतताना तीच गर्दी दहा-अकराच्या उन्हात पुन्हा वाट पाहत असते. म्हणून खाली जी तुलना केली आहे, ती रविवारी पहाटे दीडशे-दोनशे किलोमीटर जाणारा आणि एरवी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवणारा चालक डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

दोन्ही गाड्या बोलोन्याच्या एकाच घरातल्या असल्या तरी त्यांचा स्वभाव फार वेगळा आहे. ९५९ पानिगाले ही ८९९ ची पुढची आवृत्ती म्हणून २०१५ च्या अखेरीस जगापुढे आली. तिच्या ९५५ सीसी इंजिनातून १०,५०० आरपीएमला १५७ अश्वशक्ती मिळते आणि १०७.४ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क मिळवण्यासाठी इंजिन ९,००० पर्यंत न्यावे लागते. २०१७ मध्ये भारतात आलेल्या सुपरस्पोर्टचे ९३७ सीसी इंजिन ११० अश्वशक्तीचे आहे, मात्र त्याचा ९३ न्यूटन-मीटरचा टॉर्क ६,५०० लाच हाती येतो. पेट्रोल-ऑइलसह पानिगालेचे वजन सुमारे २०० किलो आणि सुपरस्पोर्टचे २१० किलो आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत तर दोघींना ३२० मिमीच्या डिस्क व ब्रेंबोचे एकाच मालिकेचे कॅलिपर आहेत. थोडक्यात, थांबण्यात फरक नाही आणि वजनात तो नगण्य आहे. ताकद कोणत्या आरपीएमला येते आणि ती वापरताना मनगट, पाठ व मांड्यांना काय सोसावे लागते, यात मात्र तो फार मोठा आहे.

पानिगालेचा पहिला गिअर लांब आहे. कासारवडवलीच्या सिग्नलपासून गायमुखपर्यंत ताशी पंधराच्या वेगाने सरकताना क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो आणि काट्यावरचे तापमान शंभरच्या पुढे जाऊन पंखा सुरू झाला, की मागच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची धग थेट मांडीवर येते. सुपरस्पोर्टही थंड नाही, कोणतीही मोठी ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, नसते, पण तिचे हँडल उंच आहे आणि ‘अर्बन’ मोडमध्ये ताकद ७५ अश्वशक्तीपर्यंत मर्यादित होऊन थ्रॉटल इतका मवाळ होतो, की गर्दीत ती एखाद्या साध्या गाडीसारखी चालते. कसारा घाटाच्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये ४,००० आरपीएमला सुपरस्पोर्ट जे सहज देते, त्यासाठी पानिगालेला एक गिअर खाली आणून इंजिन ओरडवावे लागते. ते ओरडणे अवर्णनीय आहे, हे मी मान्य करतो. परंतु ज्यांना वर्षातून दोन-तीनदा गाडी कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायची आहे त्यांनीच त्या सुखासाठी बाकीचे सोसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

देखभालीचा हिशेब इतका सरळ नाही, आणि बहुतेक खरेदीदार नेमके इथेच फसतात. डुकाटीच्या डेस्मो रचनेत व्हॉल्व्ह उघडण्यासाठी जसा रॉकर, म्हणजे छोटा दांडा, असतो, तसाच बंद करण्यासाठीही वेगळा रॉकर असतो; त्यामुळे तपासणीत दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे लागते आणि मजुरी वाढते. पानिगालेत ही तपासणी २४,००० किलोमीटरला येते, सुपरस्पोर्टमध्ये ३०,००० ला. कागदावर सुपरस्पोर्ट स्वस्त दिसते. मात्र पानिगालेचे कॅमशाफ्ट चेनवर चालतात, तर सुपरस्पोर्टमध्ये दोन टायमिंग बेल्ट आहेत आणि ते किलोमीटर कितीही झाले असले तरी पाच वर्षांनी बदलावे लागतात. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीकडे पाहू लागतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या डुकाटी दहा हजार किलोमीटरच्या आत असतात, त्यामुळे ‘कमी चाललेली’ हे विशेषण सुपरस्पोर्टच्या बाबतीत कौतुकाचे नसून चौकशीचे कारण आहे. उलट पानिगालेत डेस्मो सर्व्हिस एकदा आली की मागच्या सिलिंडरपर्यंत पोहोचण्यासाठी बरेच काही उघडावे लागते. म्हणून वीस-बावीस हजार चाललेली पानिगाले स्वस्तात मिळत असेल, तर तो स्वस्तपणा कुठून आला हे ओळखावे.

मागच्या हिवाळ्यात मी वाशीला २०१८ ची एक पानिगाले पाहायला गेलो होतो. इंजिन गार असू द्या, असे आदल्या दिवशी फोनवर सांगितले होते. तरी पार्किंगमध्ये पोहोचून क्लच कव्हरला हात लावला तो चटकाच बसला. मालक म्हणाले, ‘‘तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली.’’ गाडी बंद करून काही वेळाने बॅटरीला मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट, म्हणजे पहाटेच्या थंडीत सेल्फने दगा दिला असावा आणि त्यावर पांघरूण म्हणून ही रपेट झाली असावी. चार्जिंग मात्र १३.९ होते, म्हणजे रेग्युलेटर ठीक होता. नंतर ब्रेकचा लिव्हर नवाकोरा आणि क्लचचा जुना दिसला, उजव्या फूटरेस्टचे टोक घासलेले होते, आणि हँडल पूर्ण वळवून टॉर्च मारल्यावर स्टिअरिंग स्टॉपच्या, म्हणजे हँडल अडवणाऱ्या खुंटीच्या, कडेला दबल्याची खूण सापडली; म्हणजे गाडी उजव्या अंगावर पडलेली असावी. पानिगालेची चौकट म्हणजे इंजिनाला जोडलेला एक ओतीव ॲल्युमिनियमचा मोनोकॉक, म्हणजे एकसंध कवच, आहे आणि तोच एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी पेटीही आहे. त्याला मार बसला असेल तर वेल्डिंग किंवा सरळ करणे हा मार्ग राहत नाही. सुपरस्पोर्टच्या नळ्यांच्या ट्रेलिस चौकटीत निदान रंग उडालेला आणि नळी वाकलेली डोळ्यांना दिसते. मी पानिगाले तिथेच सोडली.

आठवडाभराने घोडबंदर रोडवरच एक सुपरस्पोर्ट एस पाहिली, तीही २०१८ चीच, ९,४०० किलोमीटर चाललेली. फाइलमध्ये दरवर्षीच्या ऑइल बदलाचे बिल होते, बेल्टचे नव्हते. ‘‘अहो, नऊ हजारच तर चालली आहे, बेल्ट कशाला बदलायचा?’’ असे मालकांनी अगदी निरागसपणे विचारले. पुढच्या टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूवरच्या चार अंकी शिक्क्यात २३१७ लिहिले होते, म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातले रबर. नखाने दाबले तर खूण उमटेना. बेल्ट, टायर, ब्रेक ऑइल आणि कूलंट यांचा खर्च कागदावर मांडून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घेतली, आणि ती गाडी आता माझ्याकडे आहे. त्यात दोन पावसाळे उभ्या गाडीच्या सीटखाली उंदरांनी केलेला उद्योगही पुढे निघाला, पण तो वायरिंगपर्यंत गेला नव्हता.

आता सुधारणांविषयी, कारण वापरलेली गाडी घेणारा प्रत्येक जण मनातल्या मनात सायलेन्सर आधीच निवडून बसलेला असतो. माझा आग्रह असा, की आठ लाखांची गाडी घेत असाल तर दीड लाख बाजूला ठेवावेत आणि ते टायर, ब्रेकचे पॅड व ऑइल, चेन-स्प्रॉकेट आणि सस्पेन्शन या क्रमाने खर्च करावेत. सुपरस्पोर्टची साधी आवृत्ती मार्झोकीच्या फोर्कसह, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनसह, येते, तर एस आवृत्तीत पुढे-मागे ओहलिन्सचे सस्पेन्शन आणि क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर मुळातच असतो. साधी घेऊन नंतर ओहलिन्स बसवण्यापेक्षा जुनी एस शोधणे केव्हाही स्वस्त पडते. पानिगालेतले शोवा आणि सॅक्स कंपन्यांचे सस्पेन्शनचे भाग उत्तम आहेत, ते बदलण्याची घाई करू नये. दोन्ही गाड्यांत आधी फोर्कचे ऑइल बदलावे, कारण सात-आठ वर्षे ते कोणी बदललेले नसते, आणि मग स्वतःच्या वजनाला सॅग, म्हणजे बसल्यावर सस्पेन्शन जेवढे दबते तो आकडा, जुळवावा. माझे वजन हेल्मेट-जाकिटासह ८४ किलो आहे. मी बसल्यावर मागचा भाग ४१ मिमी दबत होता, तो प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवून ३३ वर आणला. एका पैशाचाही भाग न बदलता गाडी वळणाच्या मध्यावर रुंद जायची थांबली.

पानिगालेच्या लांब गिअरिंगवर मात्र एक स्वस्त उपाय आहे. मूळ १५ दातांचे पुढचे आणि ४३ दातांचे मागचे स्प्रॉकेट असते. पुढे एक दात कमी केला, तर तो जवळपास मागे तीन दात वाढवण्याइतका परिणाम देतो आणि गर्दीत क्लचला तेवढा आराम मिळतो. नाशिक महामार्गावर डंपरच्या मागून उडणारे खडे पाहता रेडिएटरची जाळीही दोन्ही गाड्यांना लावून घ्यावी. ती सायलेन्सरच्या तुलनेत फुकटच म्हणावी लागेल.

एप्रिलिया आरएस ६६० चाही विचार करण्यासारखा आहे, आणि तो थोडक्यात आटोपतो. ६५९ सीसी, १०० अश्वशक्ती, १८३ किलो वजन आणि सहा अक्षांच्या सेन्सरवर चालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, यामुळे शहरात ती या दोघींपेक्षा सोपी आहे. पण आपल्याकडे तिची विक्रीच मुळात थोडी झाल्याने पाहायला दोन गाड्याही मिळणे कठीण. ज्यांना इटालियन नाव हवे पण जुन्या गाडीची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी तिची धाकटी बहीण आरएस ४५७ बारामतीतच तयार होते, हे लक्षात ठेवावे.

कागदपत्रांत मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय, आणि कर्ज असल्यास बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हा वेगळा खर्च धरावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा, आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही हे गृहीत धरूनच हप्त्याचा अंदाज बांधावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ मापदंडांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केले आहे. त्यामुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टर्मिन्योनी कंपनीचा किंवा अन्य कोणताही मोकळा सायलेन्सर लावलेली गाडी दिसली, तर आवाजाचे कौतुक मनातच ठेवून मूळ सायलेन्सर कुठे आहे ते विचारावे. ‘‘गावच्या घरी आहे, पुढच्या वेळी घेऊन येतो’’ असे उत्तर आले, तर शेवटचे पन्नास हजार तो सायलेन्सर हातात पडेपर्यंत आपल्याकडेच ठेवावेत.