स्वतः लिहावं की लिहून घ्यावं?

गोव्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्याने आपल्या वेबसाइटवरचा मजकूर स्वतः लिहावा की पैसे मोजून लिहून घ्यावा? लिहून देणारा वेळ पाळतो, भाषाही गुळगुळीत. पण त्याचा गोवा म्हणजे समुद्र, सूर्यास्त आणि ‘अविस्मरणीय क्षण’. तोच मजकूर अलिबागलाही खपेल.

फोटोग्राफर लिहायला बसला की कामाचं काहीतरी बाहेर येतं. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ जोडप्यासकट फ्रेममध्ये बसवायला किती मागे सरावं लागतं. जुन्या गोव्यातली चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तिथे ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते. पणजीच्या फोंतेन्यश या जुन्या वस्तीतल्या रंगीत भिंतींमागे माणसं राहतात, तेव्हा विचारून उभं राहावं. नवरीच्या आईचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात, फोनही कमी येतात.

अडचण वेळेची. डिसेंबरात लग्नसराई, अल्बम तुंबलेले; तेव्हा लिहिणार कोण? (मी तरी नाही.) माझं मत स्वतः लिहिण्याकडेच झुकतं, पण पावसाळ्यात, काम थंड असताना. ऱ्हस्व-दीर्घ मात्र दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावेत.